न लावलेला हात

माझे काका सरकारी डॉक्टर होते आणि प्रेताला हात लावत नसत. अमरावतीच्या शवघराच्या उंबऱ्याबाहेर धोतराचा सोगा उचलून ते उभे राहायचे आणि आतल्या नोकराला, भिवाला, ओरडून विचारायचे, "गरम का गार?" तो सांगेल त्यावरून माणूस केव्हा मेला ते ठरायचं. "मढं म्हणजे चुलीवरून उतरवलेलं भांडं," काका म्हणत. "किती निवलं ते पाहिलं, की केव्हा उतरवलं ते कळतं." भांडं चाचपायचं ते मात्र दुसऱ्यानं.

आईवडील गेल्यावर मी त्यांच्याकडे राहत होते. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेली, म्हणून त्यांच्या अहवालांचं इंग्रजी माझं असे. विद्वत्तेचं नाव त्यांचं.

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. एका दुपारी बाजारात एक दलाल कापसाच्या गंजीत खोल पुरलेला सापडला. गळा आवळलेला. भिवा म्हणाला, "ऊन हाये जी." झालं, खून आज सकाळचा! सकाळी त्या गंजीवर अकोल्याच्या नथ्थू गाडीवानानं गाडी रिकामी केली होती, आणि दलालाशी त्याचं जुनं भांडण होतं. आदली संध्याकाळ आणि सारी रात्र तो इतर गाड्यांबरोबर वाटेवर होता, पण काकांनी वेळच अशी सांगितली, की त्या साक्षीचा उपयोग उरला नाही. नथ्थू फासावर जाणार, असं सगळे धरून चालले.

वाढताना मी म्हटलं, "काका, कापसात ऊब टिकते. दलाल आदल्या संध्याकाळीही मेला असेल."

"गोधडीतली अक्कल मला शिकवू नकोस. भात वाढ, निवतोय."

नथ्थूची बायको गिरजा परसदारी येऊन बसली. "डाक्टरसायबाले सांगा ना बाई, मी पाया पडतो तुमच्या."

"हाकल तिला," काका आतून ओरडले.

मी हाकलायलाच गेले. अनोळखी माणसाशी मला बोलता येत नाही. हळूच एवढंच म्हटलं, "डॉक्टरांनी प्रेताला स्वतः हात लावला होता का, हे वकिलाला कचेरीत विचारायला सांगा."

निकालाच्या दिवशी काका छाती फुगवूनच घरी आले. "वकील विचारतो, प्रेताला शिवलात का? समोर आपली सगळी ब्राह्मण मंडळी बसलेली! ठणकावून सांगितलं, छे! मी असल्या गोष्टींना शिवत नाही."

"मग?"

"मग काय, साहेबानं माझी साक्षच बाजूला ठेवली. गाडीवानाला सोडून दिलं. त्याला काय कळतंय आपल्या धर्मातलं!"

परसदारी गिरजा आली होती, मागे नथ्थू. "बाई, डाक्टरसायबाचं सोवळं पावलं आमाले," ती हसत म्हणाली. "कोन्या देवाचं नाई पावलं इतकं. कुठी हायेत सायेब?"

काका न्हाणीघरात घागरींवर घागरी ओतून घेत होते. सुटल्यावर नथ्थूनं कचेरीच्या दारात त्यांचे पाय धरले होते.