उजव्या अंगाचा सायलेन्सर

वारा पहाटेपासून सुटला होता. कोरडा, थंड, तोंडावर बारीक माती मारणारा. शेडच्या पत्र्याचा एक कोपरा तो उचलायचा आणि परत आपटायचा, आणि दर आपट्याला वायसर, हापसे दुरुस्त करणारा तो माणूस, मान वर करून बघायचा, जसं काही कुणी हाक मारलीय. मग पुन्हा मान खाली. पुढ्यात तेलाचा डबा, डब्यात चामड्याचे वायसर भिजत पडलेले, वाटीसारखे, काळपट. एकेक काढून तो अंगठ्याने काठ दाबून बघत होता. काठ कडक राहिला तर हापशाच्या नळीत तो घट्ट बसत नाही, बाजूने पाणी निसटतं, आणि बाया दांडा हलवून हलवून खांदे मोडून घेतात.

डोंगरातल्या वस्त्यांवरचे हापसे दुरुस्त करायचे, हे त्याचं काम. नावही त्यावरूनच पडलेलं. खिशात हात घाला, वायसर. गाडीच्या डिकीत वायसर. बायको म्हणायची, उशी झटकली तरी एखादा पडतो. खरं नाव होतं, पण ते कुणी वापरत नव्हतं, आणि त्यालाही त्याची फारशी गरज पडत नव्हती.

शेडच्या दुसऱ्या बाजूला त्याची मोटारसायकल उभी होती. छोट्या इंजिनाची, उंच, सडपातळ, डांबरावर चालेल आणि दगडातही चढेल अशी. उजव्या अंगाने ती उघडी होती. सायलेन्सर काढून टाकलेला. तिथे नुसतं एक काळं भोक दिसत होतं आणि त्यात वायसरने चिंधी कोंबली होती.

आतल्या खोलीत खाटेवर मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मामा म्हणजे वायसरचे सासरे. सासरे नंतर झाले, आधी उस्ताद. वायसरला पाना धरायला त्यांनी शिकवलं, शिव्या खायलाही त्यांनीच शिकवलं, आणि बऱ्याच वर्षांनी एका हापशाचे पाइप वर ओढता ओढता, चेन-पाना हातात असतानाच विचारलं, माझी मुलगी करतोस का. वायसरने पाइप सोडला असता तर पुन्हा बोअरच्या तळाला गेला असता, म्हणून त्याने हातातलं न सोडता मान हलवली. मामा हे सगळ्यांना सांगायचे. जावयाने होकार दिला तेव्हा त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं, असं म्हणायचे.

म्हातारपणी शुगरने मामांना धरलं. आधी डोळ्यांवर गेली, मग पायांवर. गुडघ्याच्या खाली त्यांना काहीच कळेना. चप्पल पायातून निसटली तरी चालत राहायचे, मागून कुणीतरी चप्पल घेऊन यायचं. "पाय भाड्याने दिलेत," म्हणायचे. पण वायसरच्या मागे बसून वस्तीवर जायचं त्यांनी सोडलं नाही. काम होत नव्हतं त्यांच्याकडून. हापशाच्या ओट्यावर बसायचे, आलेल्या बायांना त्यांच्या सासवांच्या जुन्या भांडणांच्या गोष्टी सांगायचे, आणि वायसरचं कुठे चुकतंय ते मोठ्याने सांगायचे. तेवढ्यावर तो माणूस जगत होता.

मूळ सायलेन्सर आतून गंजून गेला तेव्हा वायसरने नवा घेतला. स्वस्तातला, हलका, चकचकीत, आखूड. जुन्यापेक्षा निम्म्या वजनाचा होता, गाडी चढाला जरा मोकळी पळायला लागली, आणि आवाजही असा की वस्तीवर पोचायच्या आधी बाया कळशा घेऊन ओट्यावर हजर. तो खूष होता. थोड्याच दिवसांत इंजिनापासून निघणारी नळी निळी पडली. सकाळच्या उन्हात त्या निळ्यात जांभळी झाक यायची. वायसर रोज फडक्याने ती निळाई पुसायचा.

अशा गाड्यांचा सायलेन्सर उंचावर असतो, ओढ्याचं पाणी लागू नये म्हणून. मागे बसणाऱ्याची उजवी पोटरी बरोबर त्याच्या शेजारी येते. मूळच्या सायलेन्सरवर त्यासाठी पत्र्याचं झाकण होतं. नव्यावर नव्हतं. वायसरच्या ते लक्षातही आलं नाही. तो पुढे बसायचा.

त्या दिवशी लांबच्या वस्तीवर जाताना जळका वास आला. दोघांनाही आला. मामा म्हणाले, तुझी वायर जळतेय कुठेतरी, थांब. वायसर थांबला, सीट काढली, वायरी तपासल्या, काही नव्हतं. मामा उतरून खाली बसले आणि त्यांनीही वाकून वायरी बघितल्या. पुन्हा दोघं गाडीवर बसले आणि पुढे गेले. संध्याकाळी घरी बायकोने बापाची पँट धुवायला ओढली तर कापड पोटरीला चिकटलेलं.

जखम किती दिवस वाहत होती ते त्या घरात कुणी मोजलं नाही. दवाखान्यातली डॉक्टरीण समजूतदार होती, ओरडली नाही. पाय वाचला. पण तिने बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की याच जागी परत भाजलं तर मी मलमपट्टी करत बसणार नाही, गुडघ्यापासून खाली काढावा लागेल. बायकोने घरी येऊन नवऱ्याला हे वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, आणि त्यानंतर कामापुरतं बोलायची. जेवायला वाढलंय. पाणी गेलं. दार लावा.

मामा तर बोलायचेच थांबले. पट्टी सुटली, कातडी आली, गुलाबी, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तरी खाटेवरून उठेनात. भिंतीकडे तोंड. वायसर रोज संध्याकाळी त्यांना सांगायचा की अमक्या वस्तीवरचा दांडा करकरतोय, तमक्या ठिकाणी पाणी गढूळ येतंय. ते हं म्हणायचे. मग एके दिवशी हं सुद्धा म्हणाले नाहीत. वायसर तिथून उठला, शेडमध्ये गेला आणि तो चकचकीत सायलेन्सर उपसून कोपऱ्यात फेकला.

बायको दारात उभी होती. म्हणाली, "गाडीला सोन्याचा बसवा. माझे बाबा तिच्यावर बसणार नाहीत."

ते काल झालं. आज वायसर तेलाचे हात पुसून, चिंधी काढून, उघड्या भोकासकट गाडी फटफटवत सायलेन्सरवाल्याकडे गेला. सगळा रस्ता माना वळवून बघत होता.

दुकानात भिंतभर सायलेन्सर टांगलेले होते, खाटकाकडे टांगलेलं असतं तसे. सायलेन्सरवाल्याने विचारलं, आवाज हवा की ताकद. वायसर म्हणाला, थंड हवा.

"थंड पाहिजे तर फ्रीज घे," सायलेन्सरवाला म्हणाला.

मग वायसरने मामांच्या पायाचं सांगितलं. सायलेन्सरवाल्याने स्टूल पुढे सरकवलं. एकेक दाखवायला लागला. कंपनीचा कोरा मागवता येईल, पण त्या पैशात अशीच जुनी अर्धी गाडी येते. नळी इंजिनाखालून नेता येईल, पायापासून लांब. वायसरने नाही म्हणून मान हलवली. वाटेत ओढे होते, त्यांत डोक्याएवढे दगड होते, पहिल्याच आठवड्यात चेंदामेंदा झाला असता. मग सायलेन्सरवाल्याने नळीला गुंडाळायची, उष्णता अडवणारी पट्टी काढली. स्वस्त होती. एका तुकड्यावर गुंडाळून दाखवली, घट्ट, एकावर एक वेढे देत. वायसर त्या पांढऱ्या वेढ्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, नको. पाण्यात भिजली की कुजेल, असंही म्हणाला, आणि ते खरंही होतं.

शेवटी मागच्या अंधारातून एक जुना निघाला. त्याच कंपनीचा, त्याच गाडीचा, अपघातातल्या गाडीवरून काढलेला. बाहेरून पोचा पडलेला, झाकण गायब. वायसरने तो कानाशी धरून हलवला. आत काही खुळखुळलं नाही. पान्याने ठोकला. आवाज भरीव आला.

"हा घे," सायलेन्सरवाला म्हणाला. "जड आहे, गाडी जरा मंदावेल. पण तापणार कमी. तुझ्या त्या पुंगळीने गाडीचा श्वास मोकळा केला, आणि तू पेट्रोल होतं तेवढंच ठेवलंस. तापणार नाही तर काय? नळी निळी पडली असेल बघ."

वायसरने मान हलवली. घरी येईपर्यंत तो त्या निळ्या रंगाचाच विचार करत होता, आणि त्या फडक्याचा.

झाकण त्याने स्वतः केलं. मोडीत निघालेल्या एका हापशाच्या डोक्याचा पत्रा होता, चांगला जाड. तो कापला, पोच्याच्या आकारात ठोकून वाकवला, आणि सायलेन्सरवर बोल्टने गच्च आवळला. गाडी चालू केली. हात ठेवून बघितला. कोमट.

"हाताला काय कळतं तुमच्या," बायको मागून म्हणाली. ती कधी आली ते त्याला कळलं नव्हतं. "लोखंड धरून धरून त्याचं चामडं झालंय. सुईसुद्धा टोचत नाही तुम्हाला."

ती पुढे आली, कपडा गुडघ्यापर्यंत वर घेतला, आणि मागच्या सीटवर बसली. दोन्ही बाजूंना पाय टाकून, बापासारखी. उजवी उघडी पोटरी तिने त्या पत्र्याला टेकवली.

"चला," म्हणाली.

घाट चढायला लागला तसं वायसरचं लक्ष रस्त्यावर राहिना. ठरलं होतं की चटका बसला तर पाठीवर थाप मारायची. थाप आली नाही. पहिलं वळण झालं, दुसरं झालं, तो अधूनमधून मान कलती करून विचारायचा, ती म्हणायची, चालवा. माथ्यावर पोचून त्याने गाडी थांबवली आणि वळून बघितलं. तिने पाय काढला नव्हता. ओठ दाताखाली धरलेले, डोळ्यांत पाणी. त्याने खसकन तिचा पाय बाजूला ओढला. पोटरीवर लाल पट्टा उठला होता, बरोबर त्याच जागी.

"थाप का नाही मारलीस?"

ती पायाकडे बघत होती. म्हणाली, "पायथ्याला चटका लागत नव्हता. मग पत्रा हळूहळू तापत गेला, तव्यासारखा. मला बघायचं होतं कुठवर जातो. बाबांना यातलं काही कळलं नसतं."

वारा माथ्यावर जोरात होता. वायसर बाटलीतलं पाणी तिच्या पोटरीवर ओतत राहिला, बाटली संपेपर्यंत. नंतर गाडीजवळ उकिडवा बसला आणि पत्र्याकडे बघत बसला. पत्रा जाड होता, पण सायलेन्सरला घट्ट चिकटलेला होता. मधे काहीच नव्हतं. जाड म्हणून उशिरा तापला, एवढंच. लोखंडाला लोखंड टेकवलं आणि त्याला तो आडोसा समजत होता.

परत येताना ती डावीकडे दोन्ही पाय घेऊन बसली. अर्ध्या उतारावर तिने विचारलं की मग आता काय करणार, आणि तो म्हणाला, मधे हवा ठेवतो. बऱ्याच दिवसांनी तिने कामापलीकडचं काही विचारलं होतं.

जाड पत्रा काढला. पातळ घेतला, त्याला भोकं पाडली. हापशाच्या दांड्यात पितळी बुश बसतात, जाड कड्यांसारखे, त्यातले झिजलेले चार शोधले आणि बोल्टावर ओवून पत्रा सायलेन्सरपासून बोटभर लांब धरला. आरपार वारा खेळेल असा. वर आणखी एक पत्रा, तसाच, पुन्हा बोटभर सोडून. दिसायला ओबडधोबड होतं. काढून फेकलेली पुंगळी शेडच्या कोपऱ्यात अजून चमकत होती.

आतून मामांचा आवाज आला. "हापसा बसवतोयस का गाडीवर?"

मामा खाटेवर उठून बसले होते. कधीपासून ऐकत होते कुणास ठाऊक.

"बुश वापरलेत," वायसर म्हणाला.

"झिजलेले घेतले असशील."

"हो."

"मग बरोबर आहे. नवे वाया घालवू नकोस."

दुसऱ्या वेळी बायकोने डावी पोटरी लावायला हवी होती, कारण उजवीवर फोड आला होता. पण डावीकडे सायलेन्सर नव्हता. मग फोडाच्या खालची जागा तिने पत्र्याला टेकवली. वायसरने मुद्दाम पहिल्या गिअरमध्ये, हळू, इंजिन रडवत घाट चढवला. माथ्यावर गाडी बंद न करता उभी ठेवली, कारण उभ्या गाडीला वारा लागत नाही आणि ती जास्त तापते. ती बसून राहिली. खालच्या वस्त्यांतून धूर निघत होता. बराच वेळ गेला. मग तिने नवऱ्याच्या पाठीला थाप मारली आणि तो दचकून वळला.

"उतरते," म्हणाली. "पाय अवघडला."

घरी आल्यावर तिने बापाला काही सांगितलं नाही. नवऱ्याचे जुने रबरी बूट काढले, गुडघ्यापर्यंत येणारे, ते घासून धुतले आणि खाटेखाली ठेवले. बूट बघून मामा म्हणाले की अशा कोरड्या दिवसांत मी काय मासे धरायला जाणार आहे का. ती म्हणाली, घातले तर जा, नाहीतर पडा.

पुढच्या आठवड्यात मामा वस्तीवर गेले. त्यांना गाडीवर चढवताना उजवा पाय बायकोने स्वतः उचलून फूटरेस्टवर ठेवला आणि बुटाचा काठ वर ओढला. ती हसली नाही. फाटकापाशी उभी राहिली, गाडी वळणाआड जाईपर्यंत. भीती काही तिच्या चेहऱ्यावरून गेली नव्हती, आणि ती जाणारही नव्हती. तिने फक्त बापाला भिंतीकडून वळवून रस्त्याकडे लावलं होतं, आणि त्याची किंमत तिला ठाऊक होती.

गाडी खरंच मंदावली होती. चढाला कुरकुरायची. मामा मागून म्हणाले की बैलगाडीने आलो असतो तर आतापर्यंत पोचलो असतो. वायसर हो म्हणाला. आवाज इतका कमी होता की वस्तीवर पोचले तरी ओट्यावर कुणी नव्हतं. मग एक म्हातारी घरातून बाहेर आली, मामांना बघून कपाळाला हात लावला, आणि म्हणाली, आम्हाला वाटलं तुम्ही गेलात.

"निघालो होतो," मामा म्हणाले. "पोरीने अडवलं."

वायसरने त्यांना उतरवून ओट्यावर बसवलं. पाने काढले नाहीत. आधी खाली बसला, मामांचा उजवा बूट ओढून काढला आणि पोटरीवर तळवा ठेवला. तळव्याला काही कळत नाही हे आठवून हात पालथा केला आणि बोटांची मागची बाजू टेकवली. थंड होती. जुन्या जखमेची कातडी गुळगुळीत लागली. मामा दुसरीकडे बघत होते, दांड्याकडे.

"बघून झालं असेल तर डोकं उघड हापशाचं," ते म्हणाले. "आतली साखळी सुकलीय. मला इथून दिसतंय."

वायसरने बूट परत चढवला, काठ वर ओढला. मग उठून हापशाच्या डोक्याचा बोल्ट सैल केला, झाकण उचलून ओट्यावर ठेवलं आणि तेलाचा डबा उघडला.