एकाच पाइपातल्या दोन वाटा

माझ्या सरांनी मला फसवलं. एकच रस्ता त्यांनी मला दोन रस्ते म्हणून विकला, आणि त्यापायी माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात गेला.

मी इंटरनेटचा धंदा करतो. मोठ्या कंपन्यांकडून लाइन घ्यायची आणि लोणावळ्यातले बंगले, कुसगावची हॉटेलं, खालच्या गावांतली घरं यांना वाटायची. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालो आणि खांबावर चढायला लागलो. दादा शेती बघायचा, त्याला मीच या कामात ओढलं. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार. ती तुटली की दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरून जोड मारावा लागतो. त्याला हाताची अशी स्थिरता लागते की श्वाससुद्धा बेतानं घ्यावा. माझा हात रागीट आहे, माझे जोड फसायचे. दादाचा एकही फसला नाही.

आमच्या धंद्यात वायर कापणं ही बोलण्याची एक पद्धत आहे. कुणी आपलं गिऱ्हाईक फोडलं की त्याची वायर कापायची, तो काय ते समजतो. नाही समजला तर पुढचं बोलणं हातांनी होतं. माझ्या भुवईवरची खूण कुसगावच्या केबलवाल्याच्या पान्याची आहे. त्याचं नाक वाकडं आहे ते माझ्यामुळे. आम्ही दोघं बाजारात समोरासमोर आलो तर आधी एकमेकांच्या हातांकडे बघतो.

मला शिकायचं होतं ते या कापाकापीमुळे. मोठ्या कंपन्यांच्या वायरी काय तुटत नाहीत? पण त्यांचं नेट बंद पडत नाही. एक वाट मेली की त्यांचे राउटर आपापसात बोलून दुसरी वाट धरतात. हे बोलणं ज्या नियमांनी चालतं त्यांना राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात. वायर कापली तरी मरायचं नाही, एवढंच मला शिकायचं होतं.

सर एका मोठ्या कंपनीचं नेटवर्क सांभाळून लवकर निवृत्त झाले होते. तुंगार्लीत बंगला, बाजारात मोटार वाइंडिंगच्या दुकानावर भाड्याची खोली, तिथे क्लास. खालून वॉर्निशचा वास यायचा, डोकं भणभणायचं. गावात लाइनी मिळवून देण्याचं कामही तेच करायचे. फी ऐकून मी उठून उभा राहिलो. जिना अर्धा उतरलो तेव्हा त्यांनी हाक मारली. मला माहीत होतं मारणार.

"तू काय देऊ शकतोस?"

"निम्मी फी रोख. उरलेल्यात माझा भाऊ तुमची फायबरची कामं करेल. त्याच्यासारखा हात मावळात नाही."

ते हसले. "भावाचा हात विकतोयस?"

"भाड्यानं देतोय, सर. विकत नाही."

हा सौदा मी केला. त्या दिवशी घरी जाताना मी खूश होतो.

शिकताना मी स्वतःला पिळून काढलं. पुस्तकं इंग्रजी, कमांड इंग्रजी, एक अक्षर चुकलं की सगळं जाळं आडवं. लॅपटॉपमध्ये खोटे राउटर उभे करायचे, त्यांच्यातल्या लाइनी तोडायच्या, आणि कोण कुठून वाट काढतो ते बघायचं. मला तोडण्याचाच भाग आवडायचा. नेटवर्किंगच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झालो तेव्हा कीबोर्ड गुडघ्यावर मोडला. एक बटण उडून दादाच्या वरणात पडलं. त्यानं ते काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाला, "फिरून बस. पर आता दुसऱ्याचा कीबोर्ड घिऊन बस."

फिरून बसलो. पास झालो.

सर शिकवायचे मात्र छान. हे मी आजही नाकारत नाही. एक प्रोटोकॉल असतो ओएसपीएफ, घरातल्या घरात चालणारा. त्यात प्रत्येक राउटर आपल्याला काय दिसतंय ते सगळ्यांना सांगतो, त्यामुळे सगळ्यांकडे एकच नकाशा तयार होतो. दुसरा बीजीपी. तो एका कंपनीच्या नेटवर्कमधून दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये जायला लागतो. त्यात नकाशा नसतो. शेजारी सांगतो, "अमुक ठिकाणी जायची वाट माझ्याकडून आहे," आणि आपण ते मानतो.

"शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून?" मी विचारलं.

"म्हणून. सगळं जग त्याच्यावर चालतं."

"सर, आमच्या गावात शेजाऱ्याचं ऐकलं असतं तर बांध आत्तापर्यंत चुलीपाशी आला असता."

वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "म्हणून तर दोन शेजारी ठेवायचे. दोन कंपन्या, दोन वाटा, आणि दोन्ही जमिनीतून वेगळ्या. एकाच खड्ड्यातून गेल्या तर ती एकच वाट." हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. मी वहीत नाही, डोक्यात लिहून घेतलं.

मग मी दोन वाटा मागितल्या. त्यांनीच मिळवून दिल्या. पहिली पुण्याकडून, कामशेत-कार्ल्यावरून हायवेच्या कडेनं येणारी. दुसरी मुंबईकडून, घाट चढून खंडाळ्यावरून येणारी. दुसरीसाठी दुप्पट पैसे मोजले, कारण घाटातून फायबर आणणं सोपं नाही असं ते म्हणाले. गावात ती खंडाळ्याच्याच बाजूनं शिरत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्यामागे ती कुठून येते ते मी पाहिलं नाही. शेजाऱ्यानं सांगितलं होतं.

लाइनी चालू झाल्या त्या दिवशी दादासमोर मी पुण्याची वायर राउटरमधून उपटली. त्याच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल चालू होता. वहिनीचा चेहरा गोठला, तोंड उघडंच राहिलं, मग पुन्हा हलायला लागला.

"मंजी आता कुनी कापली तरी आपन मरत न्हाई?"

"न्हाई."

"मंग आता मारामारी बंद कर. काय गरज ऱ्हायली?"

आईची शपथ, मी बंद केली होती.

एक गोष्ट मात्र खटकत होती. मुंबईच्या लाइनीवरून मुंबईला पोचायला पुण्याच्या लाइनीपेक्षा जास्त वेळ लागत होता. फार नाही, पण दर वेळी. मी क्लासला जाऊन सगळ्यांसमोर विचारलं.

सर म्हणाले, "अरे, बीजीपी अंतर मोजत नाही. वाटेत किती नेटवर्कं लागतात तेवढंच मोजतो. तुला खंडाळ्याला जायचं असेल तर तो साताऱ्यावरून नेईल आणि तरी त्याच्या हिशेबानं बरोबर असेल. परीक्षा पास झालास ना तू?"

वर्ग पुन्हा हसला, या वेळी माझ्यावर. कान तापले. खाली बसलो. आणि त्यांनी सांगितलं ते खरं होतं, हीच मेख आहे. बीजीपी अंतर मोजत नाही. खोटं बोलणाऱ्याची मान मला धरता येते. खरं सांगून फसवणाऱ्याला कुठे धरायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

भात कापणी चालू होती. शनिवारची दुपार, हॉटेलं पर्यटकांनी भरलेली. आणि माझ्या दोन्ही लाइनी एका क्षणी मेल्या. पुढंमागं नाही, एकदमच. स्क्रीनवर दोन्ही शेजारी एकत्र लाल झाले.

फोन वाजायला लागले. कुसगावच्या एका हॉटेलात मी स्वतः गेलो, तर मॅनेजरनं लॉबीत कॉलर धरली. "ओ नेटवाले, दोन लाइनी म्हणून पैसे घेता ना? लग्नाची पार्टी आहे, कार्ड चालत नाही माझं!" मी त्याचा हात पिरगळला आणि त्याला सोफ्यावर बसवलं. वऱ्हाडातला कुणीतरी धावून आला, त्याला कोपर मारलं. काचेचं टेबल फुटलं. एका म्हातारीनं मला छत्रीनं झोडपलं, तिला मी काही केलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा डोक्यात एकच विचार होता, आणि तो शिकलेला विचार होता. दोन वाटा, मधे सगळा डोंगर. एक कार्ल्याला, एक घाटात. दोन्ही आपोआप एका क्षणी तुटत नाहीत. म्हणजे कुणीतरी दोन्हीकडे माणसं उभी केली आणि ठरवून कापल्या. असं करणारा एकच होता.

दादाला फोन केला. "तू घाटाकडची लाइन बघत जा. कट सापडंल."

"आन तू?"

"मी कुसगावातच हाये."

"आरं, आदी कट बगू. मंग बोल त्याच्याशी."

मी फोन ठेवला. केबलवाला दुकानात जेवायला बसला होता. मी डबा उडवला आणि त्याला काउंटरवरून ओढून खाली घेतलं. तो ओरडत होता, "माझी पण बंद आहे रे! माझी पण बंद!" मला वाटलं, खोटं बोलतोय. त्याच्या भिंतीवरची यंत्रं मी उपटून रस्त्यावर फेकली. त्याचं आधीच वाकडं असलेलं नाक दुसऱ्या बाजूला वाकलं. लोकांनी मला सोडवलं तोवर माझ्या मुठीवर त्याचं रक्त आणि भाजीचा रस्सा होता.

त्याची माणसं मला शोधायला निघाली. त्यांना मी सापडलो नाही, दादा सापडला. खंडाळ्याच्या वाटेवर आमच्या खांबाला शिडी लावून तो वर चढलेला. त्यांना वाटलं हा आता त्यांची वायर कापतोय. त्यांनी शिडी ओढली. तो पडला. पडल्यावर त्यानं म्हणे हात वर केला, "माझं ऐका तरी!" म्हणून. त्या वर केलेल्या हातावर लोखंडी गज बसला. नंतर पुन्हा बसला.

दवाखान्यात त्याचं मनगट मी पाहिलं. पोत्यात काहीतरी मोडकं भरून वरून बांधावं तसं. डॉक्टर म्हणाले, जोडू, पण बारीक काम आता सोडा. दादा छताकडे बघत होता. मला म्हणाला, "कट घावला न्हाई रं. खंडाळ्याच्या वाटंला लाइन शाबूत हाये."

तेवढ्यात कंपनीच्या माणसाचा फोन आला. कट कार्ल्यात सापडला होता. एकच.

मी गेलो. पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबी चर खणत होता. त्यानं आमचा पाइप उचकटून वर काढला होता. शेजारच्या खाचरात बाया भात कापत होत्या, माझ्या शर्टावरचं रक्त बघून थांबल्या. फाटलेल्या एका पाइपातून दोन काळ्या केबली बाहेर लोंबत होत्या. एक माझी पुण्याची. दुसरीवर मुंबईच्या कंपनीची पट्टी. म्हणजे ती घाट चढून येतच नव्हती, पुण्याकडूनच येऊन गावाला वळसा घालून खंडाळ्याच्या बाजूनं शिरत होती. केबलवाल्याची लाइनही पुण्याच्या त्याच केबलीतून जात होती. त्याचीही खरोखर बंद होती.

दुसऱ्या केबलीवर जोडाची पेटी होती. तिच्या मानेला भाताची पेंढी बांधतात तशी, पीळ देऊन आत खोचलेली गाठ होती. आमच्या भागात केबलला अशी गाठ एकच माणूस मारतो.

परत दवाखान्यात आलो. विचारलं, "कार्ल्याच्या खड्ड्यात तू जोड मारलावता?"

"व्हय. सरांनी बोलावलंवतं. फीच्या कामात. म्हनले, हाटेलची लाइन हाये."

"सर तिथं होते?"

"व्हते की. खड्ड्याच्या काठाला हुबं. मला चहा दिला. म्हनले, तुमचा हात सोन्याचा."

म्हणजे ती फसवणूक त्याच हातानं जोडली होती. मी भाड्यानं दिलेल्या हातानं.

प्लॅस्टर ओलं असतानाच दादा माझ्यामागे तुंगार्लीला आला, मी सरांना मारून टाकीन या भीतीनं. सर ग्रिलच्या दारामागे उभे राहिले. कुलूप आतून.

"कागदावर दोन कंपन्या होत्या," ते म्हणाले. "दोन सर्किट होती. घाटातून कंपनीनंच आणली नाही, त्याला मी काय करू?"

"फळ्यावर काय लिहिलंवतं तुम्ही?"

"हे बघ, तुझ्या भावाचा हात गजानं मोडला. बीजीपीनं नाही. मारामारी तू सुरू केलीस."

मी ग्रिल दोन्ही हातांनी धरून हलवली. वरची कडी भिंतीतून सिमेंटसकट निघाली. सर मागे सरकले, आतून कुणीतरी किंचाळलं. दुसरा हिसका मारणार तेवढ्यात दादानं डाव्या हातानं माझा पट्टा मागून धरला.

"चल. मला उत्तर नगं."

मला हवंय. मी हात उचलला, ते पोलिसांत लिहून दिलंय. केबलवाल्याची यंत्रं भरून देतोय. गज मारणाऱ्यांवर केस चालू आहे. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या पदरात पडेल. पण दोन लाइनी एकदम मेल्यावर त्याचा अर्थ काय, हे मला सरांनीच शिकवलं होतं. खाली एकच पाइप आहे हे मला माहीत असतं, तर मी कुसगावला न जाता कार्ल्याला गेलो असतो, आणि संध्याकाळपर्यंत दादानं दोन्ही जोड मारले असते. आता तो डाव्या हातानं जेवतो. घास सांडतो, आणि सांडलेला घास उचलतानाही सांडतो.

सर अजून क्लास घेतात. फळ्यावर तेच वाक्य लिहितात, असं तिथली पोरं सांगतात. तर सर, तिथेच, त्या पोरांसमोर उभे राहून सांगा. कार्ल्याच्या खड्ड्याच्या काठावर माझ्या भावाच्या हातात चहा देताना, तो कुणाची लाइन कुठल्या पाइपात जोडतोय हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? बीजीपी काय मोजतो ते मला सांगू नका. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.