करपलेली खीर

काल बुद्धपौर्णिमेची खीर माझ्या हातून तळाला लागली आणि करपलेल्या दुधाच्या वासासरशी मला विश्रांतवाडीच्या जुन्या घरातली बारा वर्षांपूर्वीची पौर्णिमा आठवली. दादा तेव्हा व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या पहिल्या किताबासाठी लढणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन होणार होतं आणि सव्वा किलो अजून उतरायचं होतं, म्हणून भर मे महिन्यात अंगात रेनकोट घालून, पंखा बंद करून तो दोरीवर उड्या मारत होता. सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, ओठ पार फुटले होते. आईला राहवेना. वेलची घातलेल्या खिरीची वाटी पुढे करून ती म्हणाली, "चमचाभर तरी घे रे, सणाचं." त्यानं घेतली, डोळे मिटून बराच वेळ तोंडात घोळवली आणि मोरीत जाऊन थुंकून आला. "अन्न थुंकायला लावतो, हा कसला मेला खेळ!" आई रडायलाच लागली. "वरच्या वजनात गेलो ना, की पोटभर खाईन," तो म्हणाला. आणि गेलाही. एकेक वजनगट चढत त्यानं तीन गटांत किताब जिंकले, पण नाका-डोक्यावर बसणारे समोरच्यांचे ठोसेही तसेच जड होत गेले. आता खेळ सुटलाय, पथ्यही संपलंय. कालची खीर आमच्यापैकी कुणाच्याच घशाखाली उतरली नाही. दादानं मात्र दोन वाट्या संपवल्या आणि आईकडे बघून म्हणाला, "वेलची मस्त लागतेय." वेलची घालायची मी विसरले होते.