उभी ठेवायची बंदूक

हरेश्वर हा माणूस एकनाथ हवालदाराला खरं म्हणजे फारसा माहीत नव्हता. गासला केळीची वाडी आहे, बायको वारली आहे, मुलगा विघ्नेश चंदनसारला फ्लॅटमध्ये राहतो, एवढंच काय ते. त्यांची गाठ पडायची ती निवडणुकीमुळे. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर परत न्यायच्या. त्या वर्षांत निवडणुकाच इतक्या लागल्या, की काही नातलगांपेक्षा यांच्या भेटी जास्त झाल्या असतील.

पंचाण्णव साली हरेश्वर पहिल्यांदा आला, तेव्हा त्याची दुनळी बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती. एकनाथ नेहमीप्रमाणे ती ढिगावर टाकायला निघाला.

"हवालदार, उभी ठेवाल का? आडवी ठेवली की लाकडाला पोचे पडतात."

"काका, बंदूक आहे की नवरी?"

"नवरीला बसायला पाट तरी मिळतो. हिला नुसता कोपरा द्या."

एकनाथने कोपरा दिला. "नळ्यांना गंज चढलाय मात्र. तेल लावत जा."

हरेश्वरला हसू आलं. "तो गंज नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून नळी केली आहे. त्या पिळाची नक्षी उमटली आहे. ओहोटीनंतर कळंबच्या वाळूवर रेघा राहतात ना, तशी."

एकनाथला तपकिरी डागच दिसले. वीस वर्षं त्याने रायफल वागवली होती. बंदूक म्हणजे खांद्यावरचं ओझं, एवढीच त्याची समजूत.

हरेश्वरने मग घोड्यांखालच्या पट्टीवर कोरलेले दोन तितर दाखवले. एक पुढे चालला होता, एक मान वळवून मागे बघत होता. बंदूक मूळची वडिलांची; अक्रोडाच्या लाकडी दस्त्यावर त्यांच्या गालाची जागा झिजून गुळगुळीत झाली होती. बंदूक बिजागरीवर मोडून त्याने पुन्हा मिटली. "ऐका आवाज. कुठे खडखड आहे का?"

रांगेत मागे गासचाच फ्रान्सिस होता. त्याची भातशेती चांदीपला, तिथे रानडुकरं येत. त्याच्याकडे कारखान्यातली नवीकोरी बंदूक होती.

"हवालदार, जपून हां. तिच्याजवळ शिंकलात तरी फुटेल."

यात तथ्य होतं. आजची काडतुसं त्या जुन्या नळ्यांना सोसली नसती. हरेश्वरने तिच्यातून कधी बार काढलाच नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली बंदूक परत न्यायला तो आला, तेव्हा हात थरथरत होते, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. परवान्याचं नूतनीकरण आता होईलसं दिसत नव्हतं. विघ्नेशच्या घरात लहान मुलं. "बाबा, घरात बंदूक नको," असं सून ज्ञानदाने स्पष्ट सांगितलं होतं, आणि तिचं चुकलं असं हरेश्वरही म्हणत नव्हता. मुंबईचा व्यापारी म्हणाला, लाकूड घेतो, नळ्या भंगारात. नाहीतर बंदूक सरकारजमा, आणि पुढे कधीतरी कापली जाणार.

"तुम्हीच घ्या ना, हवालदार."

"मी? माझ्या दोन खोल्या. अर्जात कारण काय लिहू? शेती नाही, वैरी नाही."

"सुंदर आहे, असं लिहा."

"त्यासाठी परवाना देत नाहीत, काका."

हरेश्वर लुगडं गुंडाळत राहिला. गाठ दोनदा सुटली, तेव्हा ती एकनाथने मारून दिली.

दुसऱ्या दिवशी फ्रान्सिस आपली बंदूक न्यायला आला. एकनाथ सहसा कुणाच्या भानगडीत पडत नसे. सही घेऊन झाल्यावर तो म्हणाला, "तुमच्या परवान्यावर आणखी एक बंदूक बसते."

"कुणाची? त्या म्हाताऱ्या नवरीची?" फ्रान्सिस हसला. "डुकरं मला हसतील."

"डुकरांना दाखवायचीच नाही. नुसती ठेवायची. कारणाच्या जागी शेतीरक्षण लिहा."

फ्रान्सिसने पेन खिशाला लावलं. "बघतो," एवढंच म्हणाला.

नव्याण्णव साली पुन्हा निवडणूक लागली. फ्रान्सिस दोन बंदुका घेऊन आला. आपली त्याने टेबलावर आदळली. दुसरी त्याच लुगड्यात होती.

"ही उभी ठेवा. नाहीतर तो मला गावात राहू देणार नाही. बाहेर बसलाय बघा, पहारा देत."

एकनाथने लुगडं जरा सारलं. खिडकीचा उजेड नळीवर तिरका पडला होता. त्या रेघा खरंच वाळूवरच्यासारख्या होत्या. तो थोडा वेळ बघत राहिला, मग ती कोपऱ्यात ठेवून बाहेर आला. हरेश्वर बाकावर काठी धरून बसला होता.

"काका, आत येऊन बघता का?"

"नको. उभी आहे ना?"

"उभी आहे."

"मग झालं. चहा सांगा. साखर कमी."