वामनच्या कागदावरची ओळ

कमरेइतक्या उंचीचा दगडी बांध, चुना-सिमेंट न वापरता, एका माणसानं दिवसाला पाच हात रचला तर ते पुरं काम. वामन सात हात रचायचा. त्याचा पाडा खोडाळ्यापासून तासभराच्या चालीवर. पावसाळ्यात स्वतःची भात-नागली, बाकीचे महिने उतारावर बांध घालायचं काम. मी त्या टोळीचा मुकादम होतो. तो पीत नसे, तंबाखू खात नसे, बोलतही फारसा नसे. विचारलं तेवढंच सांगायचं, अशी त्याची सवय.

छत्तिसाव्या वर्षी, काम चालू असताना, हातातला दगड बांधावर नीट बसवून तो खाली बसला. गुडघे पोटाशी घेतले.

मी म्हणालो, "का रे, दगड जड झाला?"

तो म्हणाला, "पाठीपर्यंत जातंय, मामा." मग ओकला. पुन्हा ओकला.

मला वाटलं, कामाला कंटाळलाय. तसं चार माणसांत बोललोही. ती माझी चूक. संध्याकाळपर्यंत त्याचा रंग मातीसारखा झाला, तेव्हा आम्ही त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. स्वादुपिंडाला सूज आहे, असं सांगितलं. पोटाच्या मागं आडवं असतं ते, अन्न पचवायचा रस तयार करतं. रस कोंडला की पिंड स्वतःलाच जाळू लागतं.

तिथल्या डॉक्टरपुढं पस्तीस माणसं उभी होती. त्यानं विचारलं, "दारू घेतोस?"

वामन म्हणाला, "घेतो."

डॉक्टरनं कागदावर ओळ लिहिली, दारू पितो. "सोड. नाहीतर मरशील."

सहा दिवसांनी घरी पाठवलं. चार महिन्यांनी तसंच दुखणं पुन्हा आलं. या वेळी दुसरा दवाखाना. पण कागद तोच. तिथल्या डॉक्टरनं आधी कागद वाचला, मग वामनकडं पाहिलं. नर्स म्हणाली, "आलात परत? जिवापेक्षा बाटली प्यारी आहे वाटतं."

पाड्यावरही झालं सुरू. जिव्या नावाचा त्याचा शेजारी रोज हाका मारायचा, "वामन, कुठं लपवतोस रं? आमालाबी दाव जागा. एकट्यानं पिऊन पोट दुखणारच!"

वामन हसायचा. त्याची बायको सुकरी मात्र हसत नव्हती. ती त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. भाताचा पेंढा उपसून बघितला, कणगीमागं हात घातला. काही मिळालं नाही, म्हणून जास्तच घाबरली. बाटली सापडली असती तर फोडता तरी आली असती.

तिसऱ्यांदा दुखलं ते आवणीत. पंधरा दिवस दोघं एकाच वावरात, एकाच चिखलात रोपं लावत होती. तो तिच्या नजरेआड एकदाही गेला नव्हता. आठ दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला, तशी सुकरी माझ्या दारात उभी राहिली.

"मामा, हा पीत नाय. मी बघितलं ना. मंग दुखतं कशानं? या वक्ताला डाक्टर बोलला, आता परत आलं तर भरवसा नाय."

मी वामनला गाठलं. "पीत नाहीस तर घेतो म्हणून का सांगितलंस?"

"घेतो ना. वाघबारशीला."

आमच्याकडं वाघबारशीला वाघदेवापुढं मोहाच्या दारूची धार सोडतात. पानात थेंब उरतात ते प्रसाद म्हणून जिभेला लावतात. वर्षातून एकदा. सगळा पाडा लावतो, जिव्याही.

"अरे, ते का पिणं झालं?"

"त्यानं किती विचारलं नाय. घेतोस का विचारलं."

नाशिकला मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं. खोडाळ्याहून एसटी धरली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला सुकरी त्याच्या पोटाकडं बघायची. त्र्यंबकपर्यंत मी एकच गोष्ट सांगत होतो, "आता विचारलं तर नाही म्हण. बास."

"देवापुढं घेतली ती घेतली. नाय कशी म्हणू?"

"देव येणार आहे का नाशकाला साक्ष द्यायला?" सुकरी चिडली. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

पोटाच्या डॉक्टर एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनीही आधी कागदच वाचला. "तीन वेळा झालं. अजून दारू सोडली नाही?"

"नाय सोडली."

सुकरीनं कपाळाला हात लावला. मला तर त्याला तिथंच दोन द्याव्याशा वाटल्या.

"रोज किती होते?"

"रोज नाय."

"मग कधी?"

"वाघबारशीला."

"म्हणजे महिन्यातून एकदा?"

"म्याडम, वाघबारस वर्साला एकदाच येती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती घेता त्या दिवशी?"

वामननं करंगळीचं टोक दाखवलं.

"आणि हे आजवर कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाय."

बाईंनी पहिला कागद पुढ्यात ओढला. मग त्यांनी जुन्या ओळीवर काट मारली आणि सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं. पित्ताचे खडे बघितले, नव्हते. रक्तातली चरबी बघितली, ठीक होती. मग पिंडातल्या नळ्यांचा फोटो काढायला मोठ्या मशिनमध्ये घातलं. निकाल दुसऱ्या दिवशी. तेवढ्या वेळात सुकरीनं घासभरही खाल्लं नाही. पाड्यावर एक बाई पोटाच्या गाठीनं गेली होती. तिचं नाव सुकरीनं तीनदा घेतलं, मग मीच तिला गप्प केलं.

गाठ नव्हती. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आईच्या पोटात असताना हे पिंड दोन तुकड्यांत बनतं. तुकडे जुळतात, आतल्या नळ्याही जुळतात आणि रस मोठ्या तोंडातून आतड्यात पडतो. वामनच्या नळ्या जुळल्याच नव्हत्या. बहुतेक सगळा रस वरच्या बारीक तोंडातून जायचा.

"जन्मापासून?" मी विचारलं.

"जन्मापासून. शंभरात पाच-सात जणांचं असं असतं. बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही."

"मंग यालाच का दुखतं?" सुकरी म्हणाली.

"ते खात्रीनं सांगता येत नाही. तोंड अरुंद आहे, मागची नळी फुगली आहे आणि दुसरं कारण सापडत नाही. म्हणून माझा संशय तिच्यावर आहे."

त्यावर करायचं काय, तेही सांगितलं. तोंडातून दुर्बीण घालून नळीचं ते बारीक तोंड जरा कापायचं, आत प्लॅस्टिकची नळी ठेवायची. पण त्यानंच पिंड पुन्हा सुजू शकतं. नाही केलं तर दुखणं परत येऊ शकतं. दर वेळी पिंड थोडं जळणार. एखाद्या वेळी जीवही जाईल.

वामननं माझ्याकडं बघितलं. मला दगड कळतो. यातलं काही कळत नव्हतं.

मग त्यानं बाईंना विचारलं, "तुमी असं काम किती केलं?"

"दोनशेच्या वर."

"सूज किती जणांना आली?"

"पंचवीसेक जणांना."

"मेलं कोण?"

"एक."

वामननं मान हलवली. "मंग करा."

दोनशेपैकी एक हा आकडा सुकरीनं ऐकला होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तो एक पण कुनाचा तरी होता ना?"

काम सकाळी झालं. बाई म्हणाल्या, नळी बसली. दुपारी चारला वामन पलंगावर एका कुशीवर वळला आणि त्यानं गुडघे पोटाशी घेतले. सुकरीनं माझं मनगट धरलं. वळ दोन दिवस राहिला.

रक्त घेतलं. सूज आली होती. तोंडातून पाणीसुद्धा बंद, फक्त सलाईन. पहिला दिवस तो गुडघे पोटाशी घेऊनच पडून होता. दुसऱ्या दिवशी ताप वाढला. बाई तीनदा येऊन गेल्या. एरवी एकदा यायच्या. ते बघून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी त्यानं पाय लांब केले. चौथ्या दिवशी पेज द्यायला सांगितलं. दोन चमचे, जास्त नाही. पहिला चमचा देताना सुकरीनं अर्धी पेज चादरीवर सांडली. दिला तो चमचा आणि आम्ही तिघं बसून राहिलो. पंधरा मिनिटं. अर्धा तास. वामन पोटावर हात ठेवून छताकडं बघत होता, आत काही चालतंय का ते ऐकत असल्यासारखा.

"काय हाय?" सुकरीनं विचारलं.

"भूक हाय," तो म्हणाला. "दुसरा दे."

घरी सोडताना बाईंनी बजावलं. तेलकट नको. दारूचा थेंब नको, प्रसादाचासुद्धा. वामन म्हणाला, "देवाला सांगतो मी." मी विचारलं, बरा झाला म्हणायचं का? बाई म्हणाल्या, "वर्षभर दुखलं नाही तर म्हणू."

आतली नळी दीड महिन्यानं काढली. वामन आता पाच हात रचतो. जड दगड मी त्याला उचलू देत नाही, तो ऐकत नाही. सुकरी रोज त्याची भाकरी घेऊन कामावर येते आणि तो जेवून उठेपर्यंत बसून राहते.

आठ महिने झाले. चार उरलेत.