डोक्यावरचा चेंडू

तिला सगळे शिडी म्हणत. उंची पाच फूट अकरा इंच आणि हात त्याहून लांब वाटावेत असे. नेटपाशी ती उभी राहिली की समोरच्यांना पलीकडचं कोर्ट दिसेनासं व्हायचं. तिची जोडीदार तिच्या खांद्यालाही लागत नसे, म्हणून ती गोटी. टेनिसच्या दुहेरीत दोघी नऊ वर्षं एकत्र खेळल्या. जगात अठ्ठावन्नावा क्रमांक ही त्यांची सगळ्यात मोठी मजल. म्हणजे विमानतळावर कुणी ओळखत नाही, पण अर्जावर 'व्यवसाय' या रकान्यात 'खेळाडू' लिहिताना हात अडखळत नाही, एवढी.

खेळता खेळता गोटीने शिडीच्या थोरल्या भावाशी लग्न केलं. तो शाळेत गणित शिकवायचा आणि त्याला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आईने शिडीला बजावलं, "आता तिला वहिनी म्हणायचं. नावाने हाका मारायच्या नाहीत." शिडीने ते इतकं मनावर घेतलं की भर मॅचमध्ये ओरडायची, "वहिनी, तुमचा सर्व्ह नेटमध्ये जातोय, घरी कुणाशी भांडून आलात का?" गोटी हसून लोटपोट व्हायची आणि पंच दोघींना ताकीद द्यायचा.

हे सगळं मला शिडीनेच सांगितलं. मी अठरा वर्षं मायक्रोफोनपुढे बसून टेनिसचं समालोचन करतो. आधी वर्तमानपत्रात क्रीडापानावर होतो. कोर्टावर मी कधी घाम गाळला नाही. त्यामुळे आमची टीव्ही वाहिनी माझ्या शेजारी नेहमी एखादा जुना खेळाडू बसवते. स्कोअर मी सांगायचा, असं का झालं ते त्याने. शिडीचा गुडघा दोन ऑपरेशनांनंतरही साथ देईना, तेव्हा तिने खेळ सोडला. गोटीला तिनेच सांगितलं, "माझ्यासाठी थांबू नकोस, नवी जोडीदार बघ." गोटीने सहा आठवडे वाट पाहिली आणि बावीस वर्षांची एक मुलगी घेतली. त्याच महिन्यात शिडी माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, "दादा, हे लाल बटण कसलं?"

"खोकल्याचं. दाबून धरलंस की तुझा आवाज बाहेर जात नाही."

"मग मला हेच जास्त लागणार," ती म्हणाली.

पण पुढची तीन वर्षं तिला ते लागलं नाही. तिच्यासारखं कोर्ट वाचणारं माणूस मी पाहिलेलं नाही. खेळाडूने पाय कुठे टेकवला यावरून ती चेंडू कुठे जाणार ते सांगायची, आणि चेंडू तिथेच जायचा. लोक पत्रं लिहायचे. निर्माता आमच्या कानातल्या यंत्रातून म्हणायचा, "बाईंना बोलू द्या हो, तुम्ही जरा गप्प बसा." मला राग यायचा नाही. मीही ऐकतच असायचो.

तीन वर्षं अशी गेली. शिडी, आई, भाऊ आणि गोटी एकाच घरात राहत होते. गोटी चौतिशीला आली होती. त्या वर्षी देशाचा संघ निवडायचा होता, आणि दुहेरीची एक जागा शिल्लक होती. आमच्याच शहरातल्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली की ती जागा गोटीची, असं निवड समितीतल्या एकाने तिला सांगितलं होतं. संघ खेळणार होता त्यानंतर आठ महिन्यांनी.

स्पर्धेच्या चार दिवस आधी स्वयंपाकघरात गोटीने वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढला. शिडी ओट्याशी उभी होती.

"उजव्याला काय झालंय?"

"काही नाही."

"मला शिकवतेस? नऊ वर्षं खेळलेय तुझ्याबरोबर."

गोटीने दार लोटून घेतलं आणि सांगितलं. खांद्यातला स्नायू अर्धा फाटला होता. डॉक्टरने दोन महिन्यांपूर्वीच खेळ थांबवायला सांगितलं होतं. खाली-मध्ये हात चालत होता, पण डोक्यावरून जोरात मारायला गेली तर उरलेलाही तुटणार होता. "हा एक आठवडा निभावू दे," ती म्हणाली. "नाव जाहीर झालं की ऑपरेशन करते, सहा महिन्यांत उभी राहते. ह्यांना सांगू नकोस, घर डोक्यावर घेतील. कुणालाच सांगू नकोस."

शिडीने तिचा खांदा हळूच चेपून पाहिला आणि म्हणाली, "माझ्या तोंडून ब्र निघणार नाही."

पहिल्या दोन मॅच गोटी जिंकली ती निव्वळ हुशारीवर. सर्व्ह ती हात कानापर्यंतच नेऊन नुसता ढकलायची; तो पूर्वीपासून मवाळच, म्हणून कुणाला खटकलं नाही. नेटपाशी ती अशी तावातावाने यायची, रॅकेट अशी उगारायची, की समोरच्यांना वाटावं, चेंडू उंच टाकला तर ही फोडून काढेल. म्हणून कुणी उंच टाकलाच नाही. तिसरी मॅच जिंकली की उपांत्य फेरी. आम्ही दोघं कोर्टाच्या वर, काचेच्या खोलीत बसलो होतो. गोटी आणि तिच्या जोडीदारणीने पहिला सेट सहा-चार घेतला. दुसऱ्यात चार-दोनने पुढे होत्या.

तेव्हा मी विचारलं. मुद्दाम नव्हे. बोलायला काहीतरी हवं म्हणून. "समोरच्या दोघी इतक्या बिचकून का खेळतायत? ही नेटपाशी आली की त्यांचं अवसानच गळतंय."

शिडी पुढे झुकली. "बिचकायचं काही कारणच नाही! मी त्यांच्या जागी असते तर चेंडू सरळ हिच्या डोक्यावरून टाकला असता. या आठवड्यात हिने डोक्यावरचा एकही चेंडू मारलेला नाही. बघा, आत्ता रॅकेट उचलली ना? ती नुसती हूल आहे. खांदा त्याच्या वर जातच नाहीये तिचा."

कानात निर्माता ओरडला, "झकास! तेच परत दाखवतोय." आणि पडद्यावर गोटीचा हात अगदी सावकाश वर गेला, कानापाशी थांबला आणि खाली आला. मी खूश होऊन शिडीकडे बघत अंगठा उंचावला. तिने लाल बटण दाबलं.

"दादा, मी काय बोलले?"

"अगं, उत्तम बोललीस."

"दादा, मी काय बोलले?"

हल्ली प्रशिक्षकाला प्रेक्षकांतल्या आपल्या खुर्चीवरून खेळाडूशी बोलायची परवानगी असते. समोरच्या जोडीच्या प्रशिक्षिकेच्या कानात फोनची वायर होती. आमचं प्रक्षेपण फोनवर अर्धा मिनिट उशिरा पोचतं. मी घड्याळ पाहिलं नाही, पण तेवढाच वेळ गेला असेल. ती बाई उठली, कठड्यावर वाकली आणि आपल्या खेळाडूंना काहीतरी म्हणाली. पुढचाच चेंडू उंच गेला, गोटीच्या डोक्यावरून. गोटी वळून धावली आणि त्याचा टप्पा पडू दिला. पुढचाही उंच, आणि त्याच्या पुढचाही.

दुसरा सेट गेला. तिसऱ्या सेटऐवजी दुहेरीत दहा गुणांचा निर्णायक डाव असतो. शिडी आता मायक्रोफोनपासून मागे सरकून बसली होती. निर्माता कानात विनवत होता, मग शिव्या देत होता. मी एकटाच बडबडत होतो. गोटीची बाजू सात-आठने मागे असताना चेंडू पुन्हा उंच आला. या वेळी गोटी मागे गेली नाही. तिने हात पूर्ण वर नेला आणि मारला. चेंडू दोघींच्या मधून गेला, आठ-आठ झाले, लोक उभे राहिले. गोटीच्या हातातून रॅकेट गळून पडली होती. तिने ती उचलायचा प्रयत्न केला, बोटं मिटेनात. मग ती तिथेच बसली आणि मॅच सोडून दिल्याची खूण तिने डाव्या हाताने केली.

शिडी काचेला दोन्ही तळवे टेकून उभी होती. मला ऐकू आलं ते एवढंच, "ऊठ. वहिनी, ऊठ ना."

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित ते घरातल्या घरात राहिलं असतं. पण जिंकल्यावर त्या प्रशिक्षिकेने मुलाखतीत हसत सांगितलं, "मी समालोचन ऐकत होते. त्या बाईंचे आभार मानायला हवेत." संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत फोनाफोनांवर फिरत होती. खाली लोकांनी लिहिलं होतं, नणंद ती नणंदच. कुणी हसण्याचे चेहरे टाकले होते.

गोटीने सगळं सांगितल्यावर भाऊ दवाखान्याच्या जिन्यात शिडीसमोर उभा राहिला. एरवी आवाज न चढवणारा माणूस. "तुला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. ठीक. पण जगाला सांगायचं?"

"दादा, मला ते पडद्यावर दिसलं. मी रोज तेच करते, दिसेल ते सांगते. आपोआप आलं तोंडात."

"पडद्यावर दिसलं की स्वयंपाकघरात?"

शिडीने मला नंतर सांगितलं, की ती रात्रंदिवस तेवढंच शोधत होती. तो हात तिला खरोखर दिसला होता, की आधीच माहीत होतं म्हणून दिसला? आणि त्याहून वाईट प्रश्न भावाने विचारला नाही, तो ती स्वतःच विचारत होती. आपल्या जागी दुसरी मुलगी घेतली, याचा डंख कुठे आत राहिला होता का?

पुढचे दोन महिने तिने काय काय केलं ते बघवत नव्हतं. निवड समितीतल्या त्या माणसाच्या कार्यालयात तीन दिवस जाऊन बसली. त्याने चौथ्या दिवशी सांगितलं, "बाई, खांदाच नाही तर मी कुणाला निवडू?" वाहिनीच्या मोठ्या साहेबांकडे जाऊन म्हणाली, मला प्रक्षेपणात माफी मागू द्या. साहेब म्हणाले, "माफी कशाची? तुम्ही तर कमाल केलीत!" गोटी ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती तोवर रोज सकाळी शिडी तिथे जायची. गोटी डोळे मिटून घ्यायची. शिडी आपली बाकड्यावर तासन् तास बसून राहायची. नर्स तिला म्हणायची, "ताई, घरी जा आता."

एके दिवशी गोटीने डोळे उघडले.

"शिव्या दे," शिडी म्हणाली. "रॅकेट फेकून मार. पण काहीतरी बोल."

गोटी छताकडे बघत म्हणाली, "मी ते पुन्हा ऐकलं. चार वेळा ऐकलं. तू बोललीस याचं मला एवढं काही नाही. चूक होते माणसाची. पण तुझा आवाज ऐक एकदा. किती खूश होतीस तू! तुला सापडलं होतं ना."

त्यानंतर शिडीचं समालोचन संपलं. ती येऊन बसायची, पण ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल तेवढंच सांगायची. चेंडू बाहेर गेला. छान मारला. आता हिचा सर्व्ह. एखादी खेळाडू लंगडत असली तरी म्हणायची, सगळं ठीक दिसतंय. एकदा निर्मात्याने कानात विचारलं, "तिचा पाय दुखतोय ना, बोला की." शिडीने यंत्र कानातून काढून टेबलावर ठेवलं, मला नमस्कार केला आणि भर मॅचमध्ये निघून गेली. तिने स्वतःहून राजीनामा दिला, असं जाहीर झालं.

गोटीचा खांदा जुळला, पण हात कानाच्या वर जात नाही. तिचे केस नवरा बांधून देतो. दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत राहायला गेले. शिडी एका क्रीडा संकुलात खिडकीशी बसते. कोर्ट कुणाला किती वाजता हवं ते फोनवर विचारून वहीत लिहून घेते. खिडकीतून कोर्ट दिसत नाही. म्हणूनच तिने ती नोकरी धरली, असं मला वाटतं.

गेल्या वर्षी तिची आई न्हाणीघरात घसरून पडली, तेव्हापासून अंथरुणावर आहे. मी बघायला गेलो तर दार गोटीने उघडलं. मंगळवारी आणि शनिवारी ती येते, शिडी कामावर असते तेव्हा. इतकी वर्षं छातीवर असलेलं ओझं मी तिच्यापुढे टाकलं. "वहिनी, तो प्रश्न मी विचारला होता. मी विचारलं नसतं तर—"

"तुमचं कामच ते," ती म्हणाली. "बसा. चहा टाकते." तिने पातेलं डाव्या हाताने उतरवलं. मला वाटलं होतं, ती दोष देईल, आणि मला जरा हलकं वाटेल. तिने तेवढंही केलं नाही.

तेवढ्यात शिडी आली, रोजच्यापेक्षा लवकर. दोघी एकमेकींना पाहून जागच्या जागी थबकल्या. शिडीचे केस पुढून सगळे पांढरे झाले होते. गोटीने पिशवी उचलली आणि कपाटाकडे बघत म्हणाली, "आईंना दुपारचं औषध दिलंय. मीठ संपलंय."

"बरं. आणते," शिडी म्हणाली.

जिन्यावरची गोटीची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत ती दारातच उभी होती. मग माझ्यासमोर बसली. चहाला हात लावला नाही.

"दादा, तुम्ही शेजारी होतात. खरं सांगा. माझा आवाज कसा होता तेव्हा?"

"नेहमीसारखा," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली. "मी नेहमीच खूश असायचे तिथे."

आतून आईने हाक मारली, कूस बदलून दे म्हणून. शिडी गुडघ्यावर हात रोवून उठली आणि आत गेली. मी थोडा वेळ बसलो आणि दार ओढून घेऊन निघालो.