ड्रायव्हरची सीट

पांढरकवड्यात, हैदराबाद हायवेलगतच्या एका गॅरेजात, मे महिन्यातल्या एका दुपारी गाडीच्या मालकाने मला ड्रायव्हरच्या सीटवरून उतरायला सांगितलं. गाडी चालता चालता बंद पडत होती. मी गॅरेजचा इलेक्ट्रिशियन. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बिघाड दाखवणाऱ्या स्कॅनरची वायर लावून बसलो होतो.

मालक यवतमाळचे, ऑफिसात वरच्या जागेवरचे. बोलायला गोड. आधी गाव विचारलं. बोरी अरब, म्हणालो. मग आडनाव विचारलं. सांगितलं. त्यांनी डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे पाहिलं.

"समोर देव आहे. तू बाहेरून बघ. आत त्याला बसू दे."

तो म्हणजे विनोद, इंजिनचा मिस्त्री. नुकताच एका ट्रकचा गिअरबॉक्स उतरवून आलेला.

"साहेब, माह्या पँटीवर अर्धा लिटर ऑइल हाय," विनोद हसत म्हणाला. "सीट खराब होईन."

"होऊ दे. डाग निघतो."

विनोदचं हसणं थांबलं. माझ्याकडे न पाहता तो आत बसला.

त्याआधीही गिऱ्हाइकं माझ्यासाठी सीटवर पेपर अंथरत. ग्रीसमुळे, असं मी धरून चाललो होतो. वायरिंगच्या कामात ग्रीस नसतं.

स्कॅनरची वायर आखूड. दार उघडं ठेवून मी बाहेर गिट्टीवर गुडघे टेकले. मशीन हातात, डोकं विनोदच्या गुडघ्याशी. चाबी फिरव. बंद कर. पुन्हा फिरव. इंजिन फिरतंय का ते कळवणाऱ्या क्रँक सेन्सरचा कोड आला. सिग्नल तुटतो, एवढंच कोड सांगतो. सेन्सरच गेला आहे, की वायर कुठे तुटली आहे, ते इंजिन चालू ठेवून शोधावं लागतं.

मालक सावलीत उभे होते. "अजून किती वेळ?" त्यांनी विचारलं.

गिट्टी गुडघ्यात रुतली होती. राग आला नाही. थकवा आला. घरी आई, बायको, दोन मुली. पगार एकच. मी सॉकेटमधून वायर काढली.

गॅरेजचे शेठ आले. "काय झालं बे?"

"आत बसून पाहीन. नाही तर पाहत नाही."

"काहून अडून राह्यला? गिऱ्हाइक हाय."

"मी चाबी मांगून राह्यलो, शेठ. दुसरं काही नाही."

"नाही देत ते. मंग?"

"मंग नाही."

"तर उद्यापासून येऊ नको."

स्कॅनर गॅरेजचा होता. पुसून टेबलावर ठेवला. टेस्टर आणि मल्टिमीटर माझे, ते पिशवीत टाकले. विनोद गाडीतच बसून होता. "जाय," तो हळूच म्हणाला. "फोन करतो तुले." त्याने केला नाही.

आता महागावात माझं टिनाचं शेड आहे. गाडी आली की आधी चाबी घेतो. दार उघडतो, ड्रायव्हरच्या सीटवर बसतो. मग विचारतो, काय होऊन राह्यलं. कोणी सीटवर अंथरायला पेपर काढला, तर चाबी परत देतो. आडनाव बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. गेल्या आठवड्यात एकाने ते वाचलं आणि गाडी पुढे नेली.

त्या दुपारी मी निघालो तेव्हा ती गाडी बंदच होती. तिच्यात बिघाड कुठे होता, ते मला अजून माहीत नाही.